कोरडी जागा

१

ज्यानं कुणी हे केलं होतं, त्याला थोडी तरी लाज वाटायला हवी होती.

बॉनेटमध्ये वाकलेला कृष्णराज हे मोठ्यानं बोलला. ऐकायला शेडमध्ये कुणी नव्हतं. उन्हानं तापलेले पत्रे मधूनच तडतडत होते, तेवढाच आवाज. इंजिनाकडून हिटरकडं जाणारा आणि हिटरकडून परत येणारा, असे दोन्ही रबरी पाइप कुणीतरी मध्येच कापून टाकले होते. इंजिनाकडची दोन टोकं एका लोखंडी नळीवर चढवून वरून तार आवळली होती. म्हणजे गरम पाणी इंजिनातून निघायचं आणि हिटरला न भेटताच वळून पुन्हा इंजिनात जायचं. काम भागलं, चला पुढं. याच एका वृत्तीनं देशाचं वाटोळं केलंय असं कृष्णराजचं ठाम मत होतं, आणि कॉलेजात असताना हातवारे करकरून ते त्यानं कितीदा तरी मांडलं होतं.

गाडी त्याच्या आजोबांची, आण्णासाहेबांची. विलायती बनावटीची, फिकट हिरवी, पुढून बेडकासारखे डोळे वटारलेली. आण्णासाहेबांनी ती तरुणपणी हैदराबादच्या एका साहेबाकडून घेतली, तेव्हा बेंबळीत दुसरी मोटार नव्हती. आता ती दसऱ्याला हार घालण्यापुरती उरली होती. कृष्णराजनं हट्टानं ती पुन्हा चालती केली, कारण सोमवारी तीच घेऊन त्याला तामलवाडीला जायचं होतं. तिथून सोनालीला घ्यायचं, घाट चढायचा, धाराशिव गाठायचं आणि नोंदणी कार्यालयात लग्न करायचं. बँड नाही, मुहूर्त नाही, मानपान नाही. फक्त ही गाडी आणि गाडीत पुढं, त्याच्या शेजारी, सोनाली.

आणि आज सकाळी डावीकडचं दार उघडलं तर त्याच सीटपुढं, पाय ठेवायच्या जागी, पाणी साचलेलं.

हिटर गळतोय, हे त्यानं लगेच ओळखलं. विलायती गाडीत हिटर तिथंच असतो, डॅशबोर्डच्या खाली, बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर. पण बॉनेट उघडल्यावर दिसलं ते हे. हिटरला पाणी जातच नव्हतं. किती वर्षं जात नव्हतं कुणास ठाऊक. त्या तारेवरचा गंज नखानं निघत नव्हता.

मग जुनं साचलेलं असेल, आता सांधा सुटला असेल, असं म्हणून त्यानं फडकं घेतलं आणि पाणी टिपलं. पाणी कोमट होतं. अंघोळीला काढून ठेवावं तसं. गाडी काल दुपारपासून चालू केलेली नव्हती.

पत्र्याचं शेड आणि एप्रिल, कोमट असणारच, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि गफारला फोन लावला. गफार त्याचा शाळेपासूनचा दोस्त. धाराशिवात त्याचं गॅरेज होतं.

"हिटर?" गफार हसायलाच लागला. "अरे भाई, इथं माणसं भाजून निघायलीत आणि तुला हिटर पाहिजे? काढून फेक आणि तिथं कूलर बसव."

"मला गाडी मूळ होती तशी हवीय, गफार. अर्धवट काम मला चालत नाही."

"व्हय रे बाबा, तू लई कडक. काढ आणि आतल्या जाळीचा फोटो पाठव. डाख देऊन बंद होत असंल तर देऊ."

२

दुपारी जेवून आला तर पाणी पुन्हा होतं.

या वेळी त्यानं टिपलं नाही. उंबऱ्यावर बसावं तसा दाराच्या कडेवर बसून बघत राहिला. हिटरच्या खोक्यातून थेंब पडत होते, सावकाश, एकामागून एक. पाणी समोरून सीटकडं वाहत यायचं, पण मध्येच दुभंगायचं. अर्धं उजवीकडून, अर्धं डावीकडून जायचं आणि सीटच्या पायाशी पुन्हा एक व्हायचं. मधली जागा कोरडी.

मॅटला फुगवटा आला असेल म्हणून त्यानं रबरी मॅट ओढून काढली. खाली नुसता पत्रा. त्यानं पत्रा पुसला, घरातून तांब्या आणला आणि आपल्या हातानं पाणी ओतलं. पाणी आलं, त्याच ठिकाणी थबकलं आणि बाजूनं निघून गेलं. त्यानं तळहात फिरवून पाहिला. पत्रा सपाट होता. ग्रीस सांडलेलं असणार. साबण लावून घासलं, खळखळून धुतलं, पुन्हा ओतलं. ओतताना एक थेंब त्यानं मुद्दाम मधोमध सोडला. तो पत्र्यावर टेकला नाही असं त्याला वाटलं. वाटलं, एवढंच. थेंब कुठं गेला ते मात्र दिसलं नाही.

समोर दोन लहान कोरडे डाग, शेजारी शेजारी. त्यांच्या मागं एक मोठा, गोलसर. कुणी गुडघे पोटाशी घेऊन, पाठ सीटला टेकवून खाली बसलं तर तेवढीच जागा व्यापेल.

बी.एस्सी. झालेल्या माणसानं असले विचार करावेत याचं त्याला हसू आलं. तेवढ्यात फोन वाजला. सोनाली.

"काय म्हणतीय तुमची महाराणी?"

"गळतीय."

"सोमवारी मला ढकलायला लावू नको म्हणजे झालं. साडी नेसणारे मी. आणि ऐक, मी पुढंच बसणार. मागं बसून खाली मान घालणारी नवरी पाहिजे असंल तर दुसरी बघ."

"पुढंच बस. म्हणून तर गाडी काढली."

"आमची मल्लम्मा आजी पण येणारे साक्षीला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा तसाच आहे, पण म्हणती, सही मीच करणार." मग तिचा आवाज थोडा उतरला. "कृष्णा, आण्णांचं नक्की ना? ऐन वेळी नाही म्हणणार नाहीत?"

"नक्की."

दोघांच्या जातींमध्ये किती अंतर आहे ते सांगायला त्यांना कुणी लागत नव्हतं. सोनालीचं घर तामलवाडीच्या कडेच्या वस्तीत होतं. कृष्णराज महिनोन्‌महिने घरात भांडला होता, अन्न सोडलं होतं, नाही नाही ते बोलला होता. शेवटी आण्णासाहेबांनी बाजेवरून हात वर केला आणि एवढंच म्हणाले, "आपल्या गाडीतून आण तिला." त्या वाक्यानं कृष्णराजच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कारण गाडीबद्दलचं आण्णांचं दुसरं वाक्य तो लहानपणापासून ऐकत आला होता: "या गाडीनं कुणाला न्हाय म्हणलं न्हाय. अडलेली बाई असू दे, साप चावलेला असू दे. जात इचारली न्हाय आपण." हे वाक्य त्यानं भाषणांत वापरलं होतं. टाळ्या मिळवल्या होत्या. सोनालीलाही पहिल्या भेटीतच ऐकवलं होतं.

फोन ठेवल्यावर त्यानं पुन्हा आत पाहिलं. सगळं पाणी दारातून गळून गेलं होतं. पत्रा वाळला होता. त्यामुळं कोरडी जागा कुठली होती ते आता ओळखू येत नव्हतं, आणि याचं त्याला बरं वाटलं.

३

हिटर काढायचा तर वरून हात पोचत नाही. त्यासाठी खाली बसावं लागतं, तिथंच, डावीकडच्या सीटपुढं. पाठ सीटला, गुडघे छातीशी, मान वाकवून डोकं डॅशबोर्डखाली. कृष्णराज आधी बाहेरूनच खटपट करत राहिला. पाना निसटून बोटं सोलली तेव्हा स्वतःवरच चिडला आणि आत शिरून बसला.

बसल्यावर पहिली गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती ही, की इथून काहीच दिसत नाही. काचेतून रस्ता दिसत नाही, झाडं दिसत नाहीत; आभाळाचा एक तुकडा दिसतो आणि उजवीकडं चालवणाऱ्याचा गुडघा दिसेल. दाराची मूठ डोक्याच्या वर आणि मागं. हात उलटा करून चाचपडावी लागते. गाडी वळणावर कलली तर धरायला काही नाही.

नाही, होतं. डॅशबोर्डखाली सामान ठेवायला एक अरुंद फळी होती. तिची खालची कडा त्याच्या हाताला लागली. सगळीकडं रंग खरबरीत, आणि त्या एका वीतभर जागी मात्र गुळगुळीत. रंग जाऊन आतलं लोखंड उघडं पडलेलं. घराच्या जिन्याचा कठडा हातांनी झिजतो तसं. वरून बघणाऱ्याला ती कडा दिसतच नाही. तिथं हात जायचा तर माणूस खालीच बसलेला हवा.

त्याची बोटं त्या गुळगुळीत जागेवर आपोआप बसली.

हिटरचे बोल्ट हटून बसले होते. एकेक सोडवताना तो जोरानं श्वास घ्यायचा आणि जोर लावायचा. मग त्याच्या लक्षात आलं की तो थांबला तरी श्वासाचा आवाज थांबत नाही. अगदी जवळून, दबलेला, नाकातून आत ओढून धरून ठेवलेला श्वास. खोक्यात अडकलेली हवा सुटतेय, असं तो मनात म्हणाला. पाइप रिकामे होताना आवाज होतोच. तो मुद्दाम खाकरला. आवाज बंद झाला. हवा माणसाच्या खाकरण्याला भिऊन गप्प बसत नाही, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो घाईनं बाजूला सारला.

हिटर हातात आला तेव्हा तो अंगणात उजेडात घेऊन गेला. खोक्यातली तांब्याची जाळी मधोमध उभी फाटली होती. चीर रुंद होती आणि तिच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या होत्या, फुटलेल्या फणसासारख्या. फोटो पाठवल्यावर लगेच गफारचा फोन आला.

"ही काय गळालेली न्हाय राजा, फुटलीय. उकळतं पाणी एकदम सोडलं असणार. डाख देऊन उपयोग न्हाय." मग जरा थांबून म्हणाला, "समोर बसलेल्याचे पाय शिजले असतील रे. कोण होतं?"

"माहीत नाही."

"नुसते पायच म्हणा. सीटवर बसल्यावर पायावरच पडणार."

कृष्णराजनं फोन ठेवला. त्याच्या बोटांना अजून ती गुळगुळीत कडा जाणवत होती.

४

आण्णासाहेब ओट्यावर बाजेवर पडले होते. नव्वदीला टेकलेला देह, पण आवाज अजून खणखणीत. कृष्णराज पायाशी बसला. काय विचारायचं ते त्याला माहीत होतं, आणि विचारू नये असंही वाटत होतं.

"हिटर काढला, आण्णा."

"बरं केलं. मुडदा होता तो. घाटात फुटला."

"आपल्याकडं हिटर कशाला लावला होता?"

आण्णा खूश झाले. गाडीबद्दल विचारलेलं त्यांना फार आवडायचं. "अरे, ती लई मोठी युक्ती आहे. चढाला गाडी तापली, काटा वर गेला, की हिटर उघडायचा. इंजिनाची गरमी गाडीत येती. आपल्याला घाम फुटतो, पण इंजिन वाचतं. हैदराबादच्या साहेबानंच शिकवलं मला. तुळजापूरच्या घाटात काटा एकदम चढला. म्या बटण ओढलं. वाचलं इंजिन."

"गाडीत कोण होतं?"

"होती एक. सोलापूरच्या दवाखान्यातून घेऊन येत होतो. आपल्या शेतावर खुरपायला यायची."

"कुठं बसली होती?"

"खाली," आण्णा म्हणाले. गाडीचा रंग विचारल्यावर सांगावा, तसं.

लांब रस्त्यावरून एस.टी. गेली. ओट्यावरच्या चिमण्या उडाल्या आणि पुन्हा येऊन बसल्या.

"मग?"

"मग काय? इंजिन वाचलं म्हणलं की."

"तिचं काय झालं, आण्णा? ओरडली का?"

"न्हाय. तोंडात पदर धरला होता तिनं." आण्णांनी मान वळवून अंगणाकडं पाहिलं. "सीटचं कापड नवं होतं," ते म्हणाले, पण कृष्णराजला नाही.

"नाव काय तिचं?"

"नाव कोण इचारतंय? जात इचारली न्हाय, नाव कशाला इचारू? पाणी दे जरा."

जात विचारली नाही, हे खरंच होतं. न विचारताच कळत होती, म्हणून तर दार उघडल्यावर कुणी कुठं बसायचं ते सांगावं लागत नव्हतं. कृष्णराजच्या कानशिलांत रक्त चढलं. भाषण देताना ज्या वाक्याशी तो थांबायचा, टाळ्यांसाठी जागा सोडायचा, ते वाक्य त्याला शब्दन्‌शब्द आठवलं.

पाणी आणायला तो आत गेला. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुला माहीत होतं, आई?"

"त्या दिवसाचं न्हाय. ते माझ्या लग्नाआधीचं. पण मी आले तवाबी तसंच होतं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी मागं सीटवर बसायची. बायका पुढं खाली. खाली बस म्हणून कुणी म्हणत न्हवतं. दार उघडलं की आपणच बसायच्या."

"आणि तू बघत राहायचीस?"

"मी नवी नवरी. काय म्हणणार?" आईनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. "हे बघ, आण्णा लई मुश्किलीनं व्हय म्हणलेत. आता हे उकरून काढशील तर बिथरतील. सोमवार होऊ दे. आणि सोनालीला यातलं काही सांगू नको. पोरगी गाडीत पाय ठेवायची न्हाय."

एरवी असं काही ऐकून तो घर डोक्यावर घेणारा माणूस. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. मग त्याच्या डोळ्यांपुढं सोमवार आला. पुढच्या सीटवर बसलेली, काच खाली केलेली, वाऱ्यानं केस उडणारी सोनाली. त्यानं तोंड मिटलं, माठातून तांब्या भरला आणि आण्णांना पाणी नेऊन दिलं.

५

हिटर त्यानं पोत्यात गुंडाळून शेडच्या माळ्यावर टाकला. मूळ होती तशी गाडी, या गोष्टीचं आता नाव नको होतं. इंजिनाकडचे दोन पाइप त्याच जुन्या लोखंडी नळीवर चढवले आणि वरून तार आवळली. पक्कडीनं शेवटचा पीळ देताना त्याला कळलं की ज्याला काल शिव्या दिल्या, अगदी त्याच्यासारखंच आपण केलंय. तोही कदाचित असाच घाईत असेल. त्यालाही कुणाला काही सांगायचं नसेल.

धाराशिवाहून त्यानं नवं लाल कार्पेट आणलं. कापून डावीकडच्या सीटपुढं नीट बसवलं, कडा दाबल्या. मग रविवारी उन्हं कलल्यावर चाचणी घ्यायला गाडी बाहेर काढली. गावाबाहेर एक लांब चढ आहे. घाट नाही, पण गाडीचा दम कळायला पुरेसा.

गाडी झकास चालली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं, एका बांधावर शेळ्या राखत बसलेली बाई, तिनं हात वर केला. कृष्णराजला कितीतरी वेळानं बरं वाटलं. इतका साधा उजेड होता, इतका साधा रस्ता.

चढ अर्धा झाला आणि समोरची काच धुरकट व्हायला लागली. त्यानं हातानं पुसली. वाफ आतून धरली होती, फक्त डावीकडच्या अर्ध्या भागावर, आणि तीसुद्धा खालून वर येत होती. एप्रिलमध्ये. सगळ्या काचा उघड्या असताना. इंजिनाचा वास येतोय का म्हणून त्यानं हुंगलं. ओल्या लुगड्याचा वास आला.

तापमानाचा काटा वर सरकत होता.

नळीत गंज अडकला असेल. पाण्याला वाट मिळत नसेल. गाडी बाजूला घेऊन थांबवावी, एवढं कळत होतं त्याला, पण चढ संपतच आला होता. अजून थोडंच. काटा लालजवळ पोचला. आणि त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटून हिटरच्या बटणाकडं गेला.

तो हात त्यानं पाठवला नव्हता. निदान नंतर त्यानं स्वतःला तसं पुन्हा पुन्हा सांगितलं. हिटर माळ्यावर पोत्यात होता. बटण ओढलं तरी काही होणार नव्हतं. मग ओढायला काय हरकत, असाही एक विचार त्या क्षणी मनात आला होता, अगदी शहाणा, हिशेबी विचार. बोटांनी बटण धरलं.

खाली, डाव्या बाजूला, कुणीतरी अंग आखडून घेतलं.

त्यानं पाहिलं नाही. मान तिकडं वळतच नव्हती. नजरेच्या कडेला जेवढं आलं तेवढंच: वाकलेली पाठ, गुडघ्यांत घातलेलं डोकं, फळीच्या कडेला घट्ट धरलेली बोटं, मनगटात एकच काचेची बांगडी. पाठीवरचं लुगडं अंगाला चिकटलेलं, आणि त्यातून वाफ निघत असलेली. मार चुकवायला लहान मूल अंग चोरतं, तसं ते माणूस त्याच्या हाताच्या चाहुलीनं आणखी लहान होत होतं. ओरडत नव्हतं. हा आता बटण ओढणार, एवढं त्या माणसाला माहीत होतं.

कृष्णराजनं ब्रेक दाबला. गाडी आचके देत बंद पडली. बटण त्यानं सोडलं होतं की ओढलं होतं ते त्याला नीटसं आठवलं नाही.

समोर बघतच तो बसून राहिला. वर बसा, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. सभेत माइकसमोर शेकडो शब्द बोलणाऱ्या त्याच्या तोंडून ते दोन निघेनात. आधी हाक मारायला हवी, आणि हाक काय मारायची? मावशी? आक्का? नाव तर कुणी विचारलंच नव्हतं. आणि म्हटलं, आणि ती वर येऊन शेजारी बसली, तर? त्या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला. आपल्या अंगावर नेमका कशानं काटा आला हे कळल्यावर त्याला इतकी शरम वाटली, की त्यानं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा काच स्वच्छ होती. सीटपुढं कुणी नव्हतं. लाल कार्पेट भिजून गडद झालं होतं, मधली जागा सोडून.

६

सोमवारी सकाळी त्यानं गाडी धुतली, झेंडूची माळ बांधली. कार्पेट वाळलं होतं. आण्णासाहेबांनी ओट्यावरून दोन्ही हात जोडले, आईनं त्याच्या हातावर दही दिलं. तिनं नजरेनंच विचारलं, आणि त्यानं नजरेनंच सांगितलं: नाही, काही सांगणार नाही. दुसरी गाडी करू या, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण कारण काय देणार? आणि आण्णा डोळे भरून गाडीकडं बघत होते.

वाटभर तो समोरच बघत राहिला. उजवा हात स्टिअरिंगवर, डावाही स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली. घाट उतरताना डावीकडं फळीची कडा एकदा करकरली. वळणावर तोल सावरायला कुणी धरावी तशी.

तामलवाडीत घरासमोर दहाबारा माणसं जमली होती. सोनाली पिवळ्या साडीत बाहेर आली आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बघा, म्हणलं होतं ना? हीच ती. कुणाला नाही म्हणली नाही कधी." तिच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. कृष्णराजनं हसायचा प्रयत्न केला. आता सांगावं, असं त्याला वाटलं. सगळ्यांसमोर, इथंच. मग वाटलं, धाराशिवला पोचल्यावर सांगू. मग वाटलं, लग्नानंतर.

"तुझा चेहरा काय असा?" सोनालीनं हळूच विचारलं.

"झोप झाली नाही."

"घाबरलास होय रे?" ती हसली. "बरं, ऐक. पुढं मी बसणार होते, पण आजीला घाटात मळमळतंय. तिला बसू दे पुढं. मी मागून तुझे कान ओढते."

मल्लम्मा आजी काठी टेकत आली. पांढरंशुभ्र लुगडं, ऑपरेशनचा काळा चष्मा नाकावर सरकलेला, ओठांत तंबाखू. कृष्णराजनं पुढं होऊन डावीकडचं दार उघडलं. दार घट्ट धरून ठेवलं.

आजीनं एक हात सीटवर ठेवला, पाय उचलला, आणि तो तसाच परत खाली घेतला. वाकून आत बघत राहिली. मग डोक्यावरचा पदर नीट केला, घरात वडीलधारं कुणी बसलेलं दिसल्यावर करावा तसा.

"काय झालं आजी?" सोनाली मागच्या सीटवरून म्हणाली. "बस की. उशीर होतोय."

कृष्णराजनं खाली पाहिलं नाही. दारातून गळणारी कोमट ओल बुटाला लागत होती.

आजीनं मान वर केली आणि त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, पाहुण्याला एखादी गोष्ट सुचली नसेल तर मोठ्या माणसानं सुचवावी, तशा आवाजात ती म्हणाली,

"जावईबापू, मी मागं बसते. या बाईंना तेवढं वर बसा म्हणा की. तुमी म्हणल्याबिगर त्या कशा बसतील?"